गोठ्याकडे तोंड असलेले दोन एसी

दार उघडता येणार नाही, असं शिंदे मॅडमनी मला तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा आतलं तापमान चौतीस होतं. त्या सर्व्हर रूमच्या दारासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. दारावर कागदी सील होतं आणि सीलवर त्यांची सही होती. खुर्ची त्यांनी अशी ठेवली होती की सीलला हात लावायचा तर आधी त्यांना ओलांडावं लागलं असतं.

माझं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पतसंस्था, दवाखाने, कॉलेजं यांच्याकडे एक बारीकशी खोली असते. तिला सर्व्हर रूम म्हणतात. तिथले कॉम्प्युटर सतत चालू असतात. चालू कॉम्प्युटर तापतो आणि फार तापला की बंद पडतो. म्हणून खोलीत एसी असतो आणि एसीवर लक्ष ठेवायला सेन्सर असतो. सेन्सर म्हणजे मेसेज पाठवणारा थर्मामीटर. ठरवलेल्या आकड्याच्या वर तापमान गेलं की माझ्या फोनवर अलर्ट येतो. मी तिथे फोन करते. तिथला माणूस म्हणतो, एसी चालूच आहे मॅडम. मी म्हणते, एकदा बघून या. तो बघून येतो. एसी बंद असतो.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली अशी ठिकाणं माझ्याकडे आहेत. बरंचसं काम महाळुंगे पडवळला घरी बसून, फोनवरच होतं. पण परीक्षेच्या दिवशी जागेवर हजर राहायचं असा करार असतो. हे कॉलेज जुन्नर तालुक्यात, बाजारापासून बरंच आत, ऊस आणि टोमॅटोच्या मधोमध आहे. नाव सांगत नाही. त्या दिवशी तिथे सरकारी भरतीची ऑनलाइन परीक्षा होती, दुपारची शिफ्ट. मुलं तीन लॅबमध्ये बसली होती. त्यांनी टिक केलेलं प्रत्येक उत्तर त्या सीलबंद खोलीतल्या सर्व्हरवर जमा होत होतं.

सत्तावीसला इशारा येतो. बत्तिसाला दुसरा येतो, तो जरा मोठ्या आवाजात. बेचाळीसला कुणी मेसेज पाठवत नाही. सर्व्हर स्वतःला जपण्यासाठी आपणहून बंद होतो.

सकाळी मी आणि कॉलेजचे प्राचार्य थोरात सर यांनी खोली तपासली होती. तेव्हा तापमान बावीस होतं. दोन एसी होते. एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. दोन्ही चालत होते. मग खोली सील झाली. जेवणाच्या वेळेपासून आकडा चढायला लागला आणि चढतच राहिला.

खोलीत कॅमेरा होता आणि त्याचा टीव्ही बाहेर, शिंदे मॅडमच्या शेजारी. त्यात दोन्ही एसी चालू दिसत होते. पट्ट्या उघड्या होत्या, आणि एसीच्या तोंडावर अठराचा हिरवा आकडा. लोकांचा त्या आकड्यावर फार विश्वास असतो. तो आकडा म्हणजे एसीला सांगितलेलं काम असतं. त्यानं केलेलं नव्हे.

मी पुण्याला बोरकर सरांना फोन लावला. ते माझे साहेब. ते म्हणाले, दार उघडून मोठा पंखा लाव. मी म्हटलं, दार उघडू देत नाहीत. ते म्हणाले, त्यांच्या वरच्यांशी बोल. मी म्हटलं, त्या स्वतःच बोलतायत, वरचे त्यांच्या वरच्यांना विचारतायत.  बोरकर सर म्हणाले, काहीतरी कर. आमच्या कंपनीत याला सपोर्ट म्हणतात.

मी पुन्हा शिंदे मॅडमकडे गेले. त्या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या निरीक्षक. पन्नाशीच्या असतील. मी त्यांना फोन दाखवला. पस्तीस.

"मॅडम, असंच चालू राहिलं तर पेपर संपायच्या आत सर्व्हर बंद पडेल. पेपर रद्द होईल."

"दार उघडलं तरी रद्दच होईल," त्या म्हणाल्या. "फरक एवढाच आहे, की सर्व्हर बंद पडला तर लोक म्हणतील मशीन बिघडलं. मी दार उघडलं तर म्हणतील मुलांनी कॉपी केली. मागे एका सेंटरला मी दार उघडू दिलं होतं. चांगल्या हेतूनं. त्या मुलांची चौकशी वर्षभर चालली. आत कोण बसलंय, बघितलंत का?"

मी सकाळीच बघितलं होतं. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या काही मुली पहाटेची एसटी पकडून आल्या होत्या. गेटबाहेर बसून त्यांनी डब्यातली नाचणीची भाकरी खाल्ली होती. त्यांचा पेपर पुन्हा झाला असता तर कुठल्या जिल्ह्यात झाला असता, कुणास ठाऊक. घरचे तेवढ्या लांब पाठवतील की नाही, हा पुढचा प्रश्न.

मॅडमचं बरोबर होतं. तोपर्यंत मला त्यांचा राग येत होता. आता तीही सोय राहिली नाही.

आत जाता येत नाही, तर बाहेरून काय काय दिसतं ते बघावं म्हणून मी इमारतीला वळसा घातला. एसीचे दोन भाग असतात. एक खोलीत, गार हवा देणारा. दुसरा बाहेर, पंख्याच्या खोक्यासारखा. त्याला आउटडोअर युनिट म्हणतात. एसी गारवा तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलून तो या खोक्यातून बाहेर फेकतो. बाहेर फेकायला जागाच नसेल तर ती उष्णता खोक्याभोवती साठत जाते, खोका तापतो आणि त्यातला कॉम्प्रेसर थांबतो. आतला भाग मात्र पंखा फिरवत राहतो. खोलीतली गरम हवाच पुन्हा खोलीत फिरते, आणि तोंडावर अठरा दिसत राहतं.

मागच्या भिंतीवर दोन्ही युनिटं शेजारीशेजारी होती. दोन्ही बंद. त्यांच्यासमोर हातभर अंतरावर कॉलेजची हद्द संपत होती, आणि त्या हद्दीवर कुणीतरी नवेकोरे पत्रे उभे केले होते. बांबूला तारेनं आवळलेले, वरच्या फटीत उसाचं पाचट कोंबलेलं. काम घट्ट आणि नीट होतं. मी पत्रे आणि युनिटांच्या मधे हात घातला आणि लगेच काढला. भट्टीत घालावा तसं झालं.

पत्रे कॉलेजच्या हद्दीत नव्हते. पलीकडे गोठा होता.

मी गेटमधल्या छोट्या दारानं बाहेर पडून, रस्त्यानं फिरून त्या घरी गेले. गोठ्यात एक म्हातारे गृहस्थ रबरी नळीनं गाईच्या अंगावर पाणी मारत होते. काळीपांढरी होल्स्टीन गाय, पोट चांगलं खाली उतरलेली गाभण. जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. गृहस्थांना गावात कोंडीभाऊ म्हणतात, हे मला नंतर कळलं. मी काका म्हटलं.

सांगायचं होतं ते मी एका दमात सांगितलं. पत्रे, एसी, सर्व्हर, परीक्षा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुठल्या तुमी?"

"महाळुंगे पडवळच्या."

"सासर का म्हायेर?"

"सासर."

"मंग म्हायेर कुठलं?"

माहेर मंचरजवळचं, असं मी सांगितलं. वडील काय करतात तेही सांगितलं. माझ्या चुलत्यांच्या गावाला त्यांची मेहुणी दिली आहे, हेही निघालं. तोवर सदतीस झाले होते. पण आमच्याकडे हे झाल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही, आणि घाई केली तर अजिबात होत नाही.

मग ते पत्र्यांवर आले. ती खोकी भिंतीवर लागल्यापासून त्यांचा वारा गोठ्यात येत होता. हिवाळ्यात काही वाटलं नाही. उन्हाळा लागला तशी गाय दुपारची वैरण सोडायला लागली. कॉलेजात दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा बघतो म्हणाले. आज सकाळी डॉक्टर आले होते. गाईला ताप होता. दिवस भरत आलेत, गारव्याला ठेवा, नाहीतर वासराची खात्री नाही, असं म्हणाले. घरात दुसरी सावली नव्हती. म्हणून कोंडीभाऊंनी पत्रे आणले आणि दुपारच्या आत उभे केले. परीक्षेचं त्यांना माहीतही नव्हतं.

"तुमची मशीन गार व्हावी म्हणून माजी गाय तापवायची, आसं कसं व्हईल, ताई?"

 माझ्या पिशवीत हातातलं थर्मामीटर होतं, ते काढून मी गोठ्यात धरलं. पत्रे उभे असतानाही, त्या तापलेल्या पत्र्यांच्या धगीनं एक्केचाळीस होतं. पत्रे नसताना, युनिटं जोरात चालू असताना काय होत असेल, याचा अंदाज आला. सर्व्हर रूममध्ये सत्तावीस झाले की माझा फोन वाजतो. गोठ्यातलं कळवायला गाईकडे जीभ बाहेर काढण्यापलीकडे काही नव्हतं.

मी म्हटलं, आजचा पेपर संपेपर्यंत पत्रे काढा, पुढचं मी कॉलेजशी बोलते. त्यांनी मान हलवली.

"तुमचं न्हाई ऐकायचं आसं न्हाई. पन तुमी उद्या जाल महाळुंग्याला. सरांना बोलवा. हितं यिऊन हुबं ऱ्हावा म्हनावं."

थोरात सर त्यांच्या केबिनमध्ये परीक्षा कंपनीच्या दुसऱ्या माणसाला चहा देत होते. मी म्हटलं, सर, गोठ्यात चला. ते म्हणाले, आत्ता? मी फोन दाखवला. अडतीस. ते उठले. वाटेत मी सगळं सांगितलं. ते शेजारी येऊन गेले होते खरं, असं ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. 

गोठ्यात दोघांची ओळख करून द्यायची गरज नव्हती. त्यांच्या शेतांचा बांध एक निघाला. कोंडीभाऊंनी सरांना पत्र्यांसमोर उभं केलं, नेमकं गाय बांधतात तिथं. मग मला म्हणाले, गाय कुठं बांधू ते सांगा, पत्रे काढतो.

खरा प्रश्न तो होता. आजूबाजूला सावली एकच होती. कॉलेजच्या उत्तरेला गाड्या लावायची शेड, दोन मोठ्या चिंचांखाली. पण शेड गेटच्या आत होती, आणि परीक्षा सुरू झाल्यावर मोठं गेट उघडायचं नाही असा नियम होता. नियम शिंदे मॅडमचा.

मी पळत त्यांच्याकडे गेले. त्यांना म्हटलं, दार नको उघडायला. गेट उघडा. एक गाय आत घ्यायची आहे.

त्यांनी मला दोनदा विचारलं. मग नियमांची फाइल उघडली. मला वाटलं, संपलं. त्यांनी पान वाचलं, उलटलं, पुन्हा वाचलं.

"प्रवेशाची वेळ संपल्यावर कोणत्याही उमेदवाराला आत घेऊ नये, असं आहे," त्या म्हणाल्या. "गाय उमेदवार नाही."

त्यांनी वॉचमनला गेट उघडायला सांगितलं. आणि गाईच्या अंगावर काही लिहिलेलं नाही ना, हे बघायला सांगितलं. हे त्या विनोदानं म्हणाल्या की नाही, मला अजून माहीत नाही.

गाय चालायला तयार नव्हती. कोंडीभाऊंचे दोन्ही हात पत्र्यांच्या तारा सोडण्यात गुंतले होते. तेव्हा थोरात सरांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, दावं हातात घेतलं, तोंडानं च् च् केलं आणि गाईला घेऊन निघाले. त्यांच्या घरी आजही गुरं आहेत, हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. प्राचार्य पुढे, गाय मागे, अशी ती दोघं कॉलेजच्या मुख्य गेटमधून आत गेली. वॉचमननं सवयीनं सलाम केला.

मी आणि कोंडीभाऊंनी पत्रे आडवे केले. कोंडलेली हवा अंगावर आली. आम्ही दोघंही तोंड फिरवून उभे राहिलो. मग वाट बघितली. युनिटं सुरू झाली नाहीत.

एकोणचाळीस. चाळीस. भिंतीपलीकडून सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. फार तापलं की ते जिवाच्या आकांतानं फिरतात. कॉम्प्रेसर एकदा तापून बंद पडला की तो निवल्याशिवाय पुन्हा लागत नाही. तो कधी निवेल ते त्याच्यावर. बोरकर सरांचा फोन येत होता. मी उचलला नाही.

"न्हाई लागत का?" कोंडीभाऊंनी विचारलं.

"तापलंय ते. निवायला वेळ लागेल."

 त्यांनी गाईसाठी आणलेली नळी उचलली आणि युनिटांवर धरली. मी थांबवणार होते, पण मग आठवलं की ही खोकी पावसात भिजण्यासाठीच बनवलेली असतात. मी फक्त वायरच्या बाजूला मारू नका म्हटलं. त्यांनी गाय धुवावी तसं ते केलं. आधी पाठ, मग कुशी, वरून खाली. जाळीतून वाफ निघाली. धूळ आणि पाचटाचा भुगा वाहून खाली आला.

एक्केचाळीस झाले आणि तिथंच राहिले. मी फोनकडे बघत उभी होते. शेवटी तोंडानं मोजायला लागले, काय ते मलाही माहीत नाही. मग डावं युनिट घरघरलं आणि लागलं. पाठोपाठ उजवं. गरम वारा कोंडीभाऊंच्या तोंडावर आला. त्यांनी नळी खाली केली नाही.

चाळीस दिसलं तेव्हा मी बोरकर सरांचा फोन उचलला. ते म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, उतरतंय. ते म्हणाले, गुड, काय केलंस? मी म्हटलं, नंतर सांगते.

पेपर वेळेवर संपला. तोवर आत अठ्ठावीस झाले होते. मुलं बाहेर आली ती आधी पेपरवर आणि मग शेडमधल्या गाईवर बोलत होती. डोंगराकडच्या एका मुलीनं तिच्या मानेखाली खाजवलं. गाय धापा टाकायची थांबली होती आणि कुणाच्या तरी मोटारसायकलचं सीट चाटत होती. आत काय चाललं होतं, हे मुलांना कळलं नाही. तेच बरं. शिंदे मॅडमनी सगळ्यांसमोर आपलं सील तपासलं, ते अखंड आहे असं मोठ्यानं म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदा खुर्चीवरून उठून पाणी प्यायल्या.

पण पुढच्या दिवसांचं काय? थोरात सर म्हणाले, गाय सध्या दुपारी शेडमध्ये बांधा, युनिटं गच्चीवर नेऊ, मंजुरी घेतो. मंजुरी म्हटल्यावर कोंडीभाऊ माझ्याकडे बघायला लागले. सरांचा हेतू चांगला होता. पण चांगल्या हेतूची मंजुरी कॉलेजात किती फिरते, हे मी बघितलेलं आहे.

माझ्या गाडीच्या डिकीत एक जादा सेन्सर होता. दोघांची परवानगी घेऊन तो मी गोठ्याच्या खांबाला, गाईच्या तोंडापासून लांब, बांधला. पस्तिसाच्या वर गेलं की अलर्ट. अलर्ट माझ्या फोनवर नाही, सरांच्या फोनवर. ते तेव्हा हसून हो म्हणाले.

चौथ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. मीटिंगमध्ये असलो तरी वाजतो, जेवताना वाजतो, दुपारी तर थांबतच नाही, असं म्हणाले. हे बंद करता येईल का, असं विचारलं. मी म्हटलं, येईल सर, युनिटं गच्चीवर गेली की आपोआप बंद होईल. त्याच आठवड्यात युनिटं वर गेली. त्या कॉलेजात इतक्या लवकर झालेलं दुसरं काम मला माहीत नाही. सेन्सर काढायला गेले तेव्हा गाय व्यायली होती. कालवड झाली होती. कोंडीभाऊंच्या घरच्यांनी मला खरवस बांधून दिला.

बोरकर सरांना रिपोर्ट हवा होता. असा प्रकार झाला की मूळ कारण लिहून द्यावं लागतं. मी लिहिलं, बाहेरच्या युनिटसमोर अडथळा, अडथळा दूर केला. त्यांनी विचारलं, अडथळा कशाचा? पत्र्यांचा. पत्रे कुणी लावले? शेजाऱ्यांनी. का? त्यांची गाय तापत होती. ते म्हणाले, गाय रिपोर्टमध्ये नको. मग आम्ही स्थानिक कारण असं लिहिलं. क्लायंटनं ते मान्य केलं.

तेव्हापासून नवीन ठिकाणी सर्व्हर रूम बघायला गेले की मी आत जाण्याआधी भिंतीच्या पलीकडे जाऊन येते. तिथे कोण राहतं, दुपारी कुठं बसतात, ते विचारते. यात अर्धा तास जातो आणि तो कुठल्याही बिलात लावता येत नाही. बहुतेक ठिकाणी चहा मिळतो. दोन ठिकाणी शिव्या मिळाल्या. त्या ऐकून घेतल्या आणि युनिटांची जागा बदलून घेतली.